शेतातील मापनयंत्रे आणि यूएसबी अ‍ॅडॉप्टरची विद्युत्‌ खरखर

मूठभर माती हातात घेऊन, दाबून पाहून पाण्याची पाळी ठरविण्याची पद्धत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. अनुभवी शेतकऱ्याचा हात हा आजही विश्वासू साधन होय. तथापि द्राक्ष, डाळिंब यांसारख्या बागांतून व पॉलिहाउसमधून आता जमिनीतील ओल मोजणारी विद्युत्‌ यंत्रे बसू लागली आहेत. काही ठिकाणी या यंत्राच्या आकड्यावरच ठिबकची झडप उघडते व पंप चालू होतो. अशा ठिकाणी यंत्राचा आकडा चुकला, तर पाणी चुकते. पाणी चुकले, तर पीक चुकते.

बहुतेक ओलमापकांना ५ व्होल्टचा विद्युत्‌पुरवठा लागतो. पंपघरात वीज असतेच, म्हणून घरातील मोबाईलचा चार्जर तेथे लावला जातो. हाच यूएसबी अ‍ॅडॉप्टर होय. त्यानंतर पुष्कळदा अशी तक्रार येते की, पाणी दिलेले नसताना आकडा पाच मिनिटांत वर-खाली होतो, अथवा दोन शेजारील यंत्रे दोन निराळ्या गोष्टी सांगतात. मग यंत्र वाईट ठरते आणि अडगळीत जाते. वास्तविक दोष कित्येक वेळा यंत्राचा नसून त्यास मिळणाऱ्या विजेचा असतो. हा दोष कसा ओळखावा व कसा मोजावा, याची माहिती ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस व शेतकरी बंधूंस व्हावी, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अ‍ॅडॉप्टरमध्ये काय घडते

आपल्या घरात येणारी वीज २३० व्होल्टची असून ती सेकंदास ५० वेळा आपले पूर्ण आवर्तन करते. अ‍ॅडॉप्टर प्रथम तिला एकदिश करतो. यावेळी आतील दाब सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत जातो. नंतर एक विद्युत्‌ कळ हा प्रवाह सेकंदास हजारो वेळा जोडते व तोडते. ही तुटक वीज एका लहानशा रोहित्रातून पलीकडे नेली जाते आणि तेथे पुन्हा एकदिश करून ५ व्होल्टवर आणली जाते. कळ जितकी जलद, तितके रोहित्र लहान. म्हणूनच हा चार्जर मुठीत मावतो.

रोहित्राच्या दोन वेटोळ्यांमध्ये तारेचा जोड नसतो. अशा अ‍ॅडॉप्टरला विलग अ‍ॅडॉप्टर म्हणतात. मुख्य विजेचा धक्का आपल्यापर्यंत पोहोचू नये, याकरिता हा बांध घातलेला असतो. परंतु बांध घातला तरी पाझर राहतोच, हे शेतकऱ्यास सांगावयास नको. रोहित्राची वेटोळी एकमेकांलगत असल्यामुळे त्यांतून थोडी उलटसुलट वीज पलीकडे पाझरते. शिवाय कळीची खरखर बाहेर न जाता उगमाकडे परत यावी, म्हणून कारखानदार बांधाच्या दोन्ही बाजूंना जोडणारा एक सुरक्षित जातीचा लहान कपॅसिटर मुद्दाम बसवितात. त्यातूनही ५० आवर्तनांची वीज अल्प प्रमाणात पलीकडे येते. हा कपॅसिटर मोठा केला तर अंगास झिणझिण्या येतात. लहान केला अथवा वगळला तर खरखर वाढते. चांगल्या अ‍ॅडॉप्टरमध्ये या दोहोंचा मेळ घातलेला असतो. हलक्या अ‍ॅडॉप्टरमध्ये पैसा वाचविण्यासाठी तो सोडून दिलेला असतो.

तात्पर्य, विलग याचा अर्थ सर्वस्वी असंबद्ध असा नव्हे. पुढील सर्व विवेचन या एका गोष्टीवर उभे आहे.

खरखरीचे दोन प्रकार

पहिला प्रकार म्हणजे अधिक व उणे या दोन तारांमधील खरखर. ५ व्होल्टचा दाब स्थिर न राहता त्यावर लहान लाटा उठतात. त्यांतील काही सेकंदास १०० वेळा येतात. त्या मुख्य विजेच्या राहिलेल्या लाटा होत. काही सेकंदास हजारो वेळा येतात. त्या कळीच्या होत.

दुसरा प्रकार म्हणजे सामाईक खरखर. यात दोन्ही तारा एकदमच जमिनीच्या संदर्भात वर-खाली होतात. एका जुवाखालील दोन बैल खडकाळ वाटेने चालताना दोघेही उंच-सखल होतात, परंतु त्यांच्यामधील अंतर बदलत नाही. तसेच हे आहे. दोन तारांमध्ये मोजले तर ५ व्होल्ट अगदी स्वच्छ दिसतात, आणि तरीही खरखर असतेच.

हा दुसरा प्रकार ओळखण्याची एक खूण सर्वांच्या पाहण्यातील आहे. हलका चार्जर लावलेला असताना मोबाईलच्या पडद्यावर बोट एकीकडे ठेवावे आणि अक्षर दुसरेच उमटावे, असे घडते. चार्जर काढताच पडदा सुधारतो. पडदा बिघडलेला नसतो. बोटाच्या वाटेने आलेली सामाईक खरखर त्यास फसवीत असते.

ओल्या मातीत प्रश्न का वाढतो

मोबाईल हातात असतो. ओलमापकाची पाती मात्र प्रत्यक्ष जमिनीत रोवलेली असतात. विजेच्या रोहित्राकडील न्यूट्रल तारही जमिनीस जोडलेली असते. त्यामुळे वाट पुरी होते: मुख्य वीज, अ‍ॅडॉप्टरमधील पाझर, यंत्र, पाती, ओली माती आणि पुन्हा रोहित्र. घरात टेबलावर तपासताना जे यंत्र उत्तम चालले, ते शेतात बसविताच का भरकटते, याचे उत्तर येथे आहे. पाणी दिल्यावर माती ओली होते व ही वाट अधिक सुगम होते. म्हणजे ज्या वेळी आकड्याची गरज अधिक, त्याच वेळी खरखरही अधिक असू शकते. पातींवर लेप असला तरी जलद लाटा लेपातूनही पार होतात.

यामुळे किती चूक होते, हे एका हिशेबाने पाहू. समजा, यंत्र ५ व्होल्टचे १,०२४ भाग करून मोजते. एक भाग सुमारे ५ मिलिव्होल्टचा झाला. कोरड्या मातीत आकडा ६२० व पूर्ण भिजलेल्या मातीत ३२० येतो असे धरले, तर सगळी ओल या ३०० भागांत मावते. मोजणीच्या तारेवर ५० मिलिव्होल्टची खरखर आली, तर आकडा १० भागांनी हलतो, म्हणजे ओलीत शेकडा ३ हून अधिक फरक दिसतो. पुरवठ्याचा दाबच ५ वरून ४.८ व्होल्टवर उतरला आणि यंत्र त्याच दाबाला मोजपट्टी धरीत असेल, तर खरा आकडा ५०० असता तो ५२१ दिसतो. जमीन आहे त्यापेक्षा शेकडा ७ ने कोरडी भासते आणि पंप अकारण चालू होतो.

पहिली कसोटी: यंत्रालाच मापक करावे

या कसोटीस कोणतेही महाग साधन लागत नाही. एक भरलेली पॉवर बँक, एक प्लॅस्टिकची बादली व एक कोरडी फळी पुरे. पॉवर बँक ही बॅटरी असल्यामुळे मुख्य विजेशी तिचा संबंध नसतो. म्हणून तुलनेसाठी ती आधार धरावी. मात्र त्या वेळी पॉवर बँक स्वतः चार्जिंगला लावलेली नसावी, आणि यंत्रास संगणकाची अगर पंपाच्या स्टार्टरची दुसरी तार जोडलेली नसावी.

(१) पाती जमिनीत नेहमीच्या जागी ठेवून यंत्र पॉवर बँकेवर चालवावे. पाती न हलविता ५० आकडे लिहून घ्यावेत.

(२) लगेच तेच यंत्र अ‍ॅडॉप्टरवर चालवून ५० आकडे लिहावेत. दोन्ही मोजण्या अर्ध्या तासाच्या आत उरकाव्यात. मध्ये पाणी देऊ नये.

(३) त्याच जागेची माती बादलीत भरून बादली कोरड्या फळीवर ठेवावी. पाती या मातीत रोवून (१) व (२) प्रमाणे पुन्हा मोजावे.

प्रत्येक वेळी सर्वांत मोठा व सर्वांत लहान आकडा यांतील अंतर काढावे. यास आपण पसारा म्हणू. तसेच ५० आकड्यांची सरासरी काढावी. पॉवर बँकेवर पसारा ४ व अ‍ॅडॉप्टरवर २८ आला, तर खरखर आहे हे सिद्ध झाले. बादलीत नेल्यावर अ‍ॅडॉप्टरवरील पसारा पुन्हा कमी झाला, तर दोष सामाईक खरखरीचा, म्हणजे जमिनीच्या वाटेचा समजावा. बादलीतही तो तसाच राहिला, तर दोष दोन तारांमधील खरखरीचा समजावा. पसारा थोडा परंतु सरासरी सरकलेली असेल, तर पुरवठ्याचा दाब उतरतो आहे काय ते मल्टीमीटरने पाहावे. यूएसबी पुरवठा साधारणतः ४.७५ ते ५.२५ व्होल्टच्या दरम्यान असावा. लांब व बारीक केबलमुळेही हा दाब उतरतो, म्हणून मोजणी यंत्राच्या टोकाशी करावी.

दुसरी कसोटी: पाझर-प्रवाह

ही मोजणी जाणकार वायरमनकडूनच करवून घ्यावी. प्रथम अर्थिंग खरोखर जोडलेले आहे याची खात्री करावी. पुष्कळ ठिकाणी तीन पिनी सॉकेट असते, पण अर्थिंगची तार कोठेच गेलेली नसते.

अ‍ॅडॉप्टर बोर्डमधून काढून ठेवलेला असताना, पंपदुरुस्ती करणाऱ्याकडील ५०० व्होल्टच्या मेगरने त्याच्या पिना व यूएसबीची टोके यांमधील रोध पाहावा. तो कित्येक मेगओहम असला पाहिजे. काटा शून्याकडे झुकल्यास पुढे काही न करता तो अ‍ॅडॉप्टर नष्ट करावा.

मेगरच्या कसोटीत उतरलेला अ‍ॅडॉप्टर चालू करून त्याचे उणे टोक व अर्थिंग यांमध्ये उलटसुलट दाब मोजला, तर साध्या डिजिटल मल्टीमीटरवर ७० ते ११० व्होल्टसारखा मोठा आकडा दिसतो. तो पाहून घाबरू नये. त्यामागे प्रवाह फार थोडा असतो. खरा प्रवाह कळण्यासाठी त्याच दोन टोकांमध्ये १ वॅटचा १०० किलोओहम रोधक जोडावा व रोधकावरील उलटसुलट दाब मोजावा. येथे १ व्होल्ट म्हणजे १० मायक्रोअँपिअर. प्लग उलटा करून पुन्हा मोजावे व मोठा आकडा धरावा. सुस्थितीतील लहान अ‍ॅडॉप्टरवर हा दाब सामान्यतः थोड्याच व्होल्टचा असतो. २५ व्होल्ट म्हणजे ०.२५ मिलिअँपिअर, अर्थिंगची पिन नसलेल्या दुहेरी आवरणाच्या उपकरणांकरिता सुरक्षा-मानकात स्पर्शप्रवाहाची मर्यादा हीच आहे. आकडा तिच्या जवळपास असेल तर तो अ‍ॅडॉप्टर शेतात वापरू नये. दाब २०० व्होल्टच्या घरात गेला, तर बांधच नाही असे समजावे. ओल्या जमिनीवर उघड्या पायांनी उभ्या असलेल्या माणसास असा अ‍ॅडॉप्टर प्राणघातक ठरू शकतो.

मल्टीमीटरची मर्यादा व रेडिओचा उपयोग

मल्टीमीटरवर खरखर दिसली नाही, म्हणजे ती नाही असे मानणे चूक आहे. साधा मल्टीमीटर ५० आवर्तनांच्या विजेसाठी बनविलेला असतो. सेकंदास ६०,००० वेळा येणारी लाट त्याच्या आवाक्याबाहेरची आहे. तो तेथे शून्य अथवा अर्थहीन आकडा दाखवितो.

अशा वेळी मध्यम लहरींचा जुना रेडिओ उपयोगी पडतो. कळीच्या लाटांच्या पटी मध्यम लहरींच्या पट्ट्यात येतात व खरखर म्हणून ऐकू येतात. दोन केंद्रांच्या मधल्या शांत जागी काटा ठेवून रेडिओ अ‍ॅडॉप्टरपासून हातभर अंतरावर धरावा. अ‍ॅडॉप्टरवर यंत्राचा भार असताना तो चालू-बंद करून आवाजातील फरक ऐकावा. नंतर रेडिओ केबलच्या कडेने न्यावा. केबलभर खरखर ऐकू आल्यास सामाईक खरखर असण्याचा संभव अधिक. ही कसोटी केवळ तुलनेची आहे. चार अ‍ॅडॉप्टरांतून सर्वांत शांत कोणता, एवढे ती निश्चित सांगते.

तिसरी कसोटी: ऑसिलोस्कोप

लाटेची खरी उंची पाहावयाची तर ऑसिलोस्कोप हवा. जवळच्या तंत्रनिकेतनात अगर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत तो पाहावयास मिळतो. गावातील पाच-सहा अ‍ॅडॉप्टर एकदम नेऊन तेथील शिक्षकांच्या देखरेखीखाली तपासून घेणे सोयीचे होईल. मोजताना पुढील काळजी घ्यावी.

(१) अ‍ॅडॉप्टर भाराशिवाय मोजू नये. १० ओहमचा, १० वॅटचा रोधक लावल्यास अर्धा अँपिअर प्रवाह वाहतो. रोधक तापतो, हात लावू नये.

(२) त्याच वेळी आपल्या ओलमापकाचा भार लावूनही मोजावे. ओलमापक फार थोडा प्रवाह घेतो. अशा अल्प भारावर कित्येक अ‍ॅडॉप्टरमधील कळ सतत न चालता थांबून थांबून चालते. त्यामुळे लाटा मंद व उंच होतात, आणि मंद लाटा गाळणे अवघड असते. मोबाईलसाठी उत्तम ठरलेला अ‍ॅडॉप्टर यंत्रासाठी सामान्य ठरतो, तो यामुळे.

(३) मोजण्याच्या टोकांवर ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक व १० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर समांतर लावावा, ऑसिलोस्कोपची २० मेगाहर्ट्‌झची मर्यादा चालू करावी, आणि जमिनीची चिमट्याची तार शक्य तितकी आखूड ठेवावी. लांब तार स्वतःच अँटेनासारखी खरखर गोळा करते.

(४) प्रथम टोक व चिमटा दोन्ही उणे तारेलाच लावून पाहावे. येथे शून्य दिसावयास हवे. लाट दिसलीच, तर ती दोन तारांमधील नसून चिमट्यावाटे आलेली सामाईक खरखर होय. पुढील आकडा त्या मानाने वाचावा.

(५) नंतर टोक अधिक तारेवर नेऊन लाटेची खालपासून वरपर्यंतची उंची मिलिव्होल्टमध्ये लिहावी: एकदा मंद गतीवर १०० आवर्तनांच्या लाटेसाठी, एकदा जलद गतीवर कळीच्या लाटेसाठी.

सामाईक खरखर टाळण्यासाठी कोणी ऑसिलोस्कोपच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला देतात. तो कदापि मानू नये. त्यामुळे यंत्राच्या धातूच्या भागावर वीज उतरू शकते. बॅटरीवर चालणारा हातातील ऑसिलोस्कोप वापरणे हा योग्य मार्ग होय.

मोबाईल चार्ज करण्यास १०० मिलिव्होल्टची लाट बाधत नाही. मापनयंत्रास किती चालेल, हे वर दिलेल्या हिशेबाने ठरवावे. शेकडा १ ची चूक चालणार असेल, तर मोजणीच्या तारेवर १५ मिलिव्होल्टपेक्षा अधिक खरखर पोहोचू नये. पुरवठ्यातील सर्वच लाट तेथपर्यंत जात नाही. म्हणून अंतिम निर्णय पहिल्या कसोटीतील पसाऱ्यावरूनच करावा.

उपाय

जमिनीत पाती असलेल्या यंत्रास बॅटरी व लहान सौर पट्टी हा सर्वांत सरळ उपाय आहे. त्यामुळे मुख्य विजेचा पाझरच संपतो, आणि वीज नसतानाही यंत्र चालू राहते.

अ‍ॅडॉप्टरच वापरावयाचा असेल, तर दोषाप्रमाणे उपाय योजावा. दोन तारांमधील खरखरीसाठी यंत्राजवळ १० मायक्रोहेन्रीचे वेटोळे व २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर यांची गाळणी बसवावी. सामाईक खरखरीवर ही गाळणी निरुपयोगी आहे. तेथे केबलच्या दोन्ही तारा एकत्रच फेराइटच्या कड्यातून दोन-तीन वेळा ओवून घ्याव्यात. कड्यातून एकच तार नेल्यास सामाईक खरखरीवर अपेक्षित परिणाम होत नाही. ५० आवर्तनांची लाट मात्र कड्याने अडत नाही. तिच्यासाठी यंत्र बसविणाऱ्यास सांगून २० मिलिसेकंदांच्या पूर्ण आवर्तनातील आकड्यांची सरासरी घ्यावयास लावावी; म्हणजे वरची व खालची लाट एकमेकींस खोडून काढतात. ओलमापकाची केबल पंपाच्या केबलबरोबर एकाच नळीतून नेऊ नये.

उपाय केल्यावर पहिली कसोटी पुन्हा करावी. पसारा कमी झाला तरच उपाय लागू पडला असे समजावे.

खरेदी करताना

अमेरिकेतील तंत्रज्ञ केन शिरिफ यांनी २०१२ साली बारा यूएसबी चार्जर ऑसिलोस्कोपवर तपासून आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. नामांकित चार्जर व त्यांच्याच नकला यांत बाहेरून फारसा फरक नव्हता; परंतु नकली चार्जरांचा पुरवठा बराच अधिक खरखरीचा आढळला. बाह्य रूपावर विसंबता येत नाही, हाच त्याचा बोध.

आपल्या देशात २०१२ सालच्या आदेशान्वये अशा अ‍ॅडॉप्टरांस भारतीय मानक ब्यूरोकडे नोंदणी सक्तीची करण्यात आली. खरेदी करताना ब्यूरोची खूण, आर या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आणि दुहेरी आवरण दर्शविणारी चौकोनात चौकोन ही खूण पाहून घ्यावी. या खुणा सुरक्षिततेची हमी देतात. खरखर कमी असेल याची हमी त्यांत नाही. ती आपणच मोजली पाहिजे.

सारांश

ओलमापक बसविताना कार्यकर्त्यांनी पुढील गोष्टी शेतकऱ्याच्या नोंदवहीत लिहून ठेवाव्यात: पुरवठा कोणता, पॉवर बँकेवरील पसारा किती, अ‍ॅडॉप्टरवरील पसारा किती, पाझर किती व मोजणीचा दिनांक. अ‍ॅडॉप्टर बदलला की मोजणी पुन्हा करावी. बाजारात माल विकण्यापूर्वी आपण वजनकाटा रिकामा ठेवून तो शून्यावर आहे की नाही हे पाहतो. पिकाला पाणी तोलून देणाऱ्या यंत्राचीही तीच पारख करणे इष्ट आहे. या कामी अर्धा तास लागतो. तो न दिल्यास चुकलेल्या पाळीची भरपाई पिकाला करावी लागते.